सागरी मार्गाने एकट्याने बाईकवर – मांडवा ते तेरेखोल (किलोमीटर नको, खाड्या मोजा)

चक्रम_चालक (धागाकर्ता)

गप्पांच्या पानावर तीनचार जणांनी विचारलं की कोकणातला सागरी मार्ग एकट्याने बाईकवर कसा केलास, म्हणून वेगळा धागाच काढतोय, तिकडे टाकलं तर दोन दिवसांत वाहून जाईल. यंदा जानेवारीच्या शेवटी केला. गाडी युनिकॉर्न, जुनीच, मागे एक बॅग बांधलेली आणि टाकीवर एक छोटी. बुलेट किंवा हिमालयनच पाहिजे असं काही नाही हे आधीच सांगतो कारण तो प्रश्न येणारच आहे. उलट गावातून चिऱ्याच्या गडग्यांमधून जे बोळ जातात, जिथे समोरून एसटी आली की कुणीतरी मागे जावंच लागतं, तिथे हलकी गाडी फार बरी.

मुख्य मुद्दा. हा एक सलग रस्ता आहे असं समजून निघू नका. कागदावर रेवस ते रेडी असा साधारण पाचशे किमीचा सागरी महामार्ग आहे, अंतुले मुख्यमंत्री होते तेव्हापासून त्याच्या गोष्टी ऐकतोय, पण प्रत्यक्षात ते तुकडे आहेत आणि दोन तुकड्यांच्या मधे खाडी. काही खाड्यांवर पूल आहेत, रेवदंड्याची कुंडलिका, आंजर्ल्याची खाडी, रत्नागिरीचं भाट्ये, पूर्णगडची मुचकुंदी. बाकी ठिकाणी मी गेलो तेव्हा फेरीबोटच होती: आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड, आणि अगदी खाली तेरेखोल-केरी. त्यामुळे मी आज किती किमी मारायचे असा हिशोब ठेवलाच नाही, आज रात्री कुठल्या खाडीच्या कुठल्या काठाला झोपायचं एवढंच ठरवायचो. हे एकदा डोक्यात बसलं की बाकी प्लॅन आपोआप होतो, नाहीतर माणूस गूगल मॅपवर अंतर बघून म्हणतो की अलिबागहून गुहागर एका दिवसात सहज होईल आणि मग अंधारात दाभोळच्या धक्क्यावर उभा राहतो.

सुरुवात भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याच्या रोरोने. तासाभरात बाईकसकट पलीकडे, पेण-वडखळचा सगळा ताप वाचतो. अलिबाग, चौल, रेवदंडा पटापट. कोरलईला मात्र थांबा, किल्ल्याखाली दीपगृह आहे आणि गावात आजही पोर्तुगीजमधून आलेली बोली घरात बोलतात, दुकानात उभं राहिलं की कानावर पडते. काशीद शनिवार-रविवार असेल तर न थांबता पुढे. मुरुडला सगळे जंजिरा बघतात, ठीक आहे, पण समोर पाण्यात पद्मदुर्ग दिसतो तोही बघा, सिद्दीच्या नाकासमोर मराठ्यांनी बांधलेला किल्ला आहे तो, किनाऱ्यावर उभं राहून दोन्हीकडे बघितलं की सगळं राजकारण कळतं.

दिघीला उतरलात की दिवेआगर, आणि दिवेआगर ते आरावी-कोंडिवलीवरून श्रीवर्धन हा रायगडातला सगळ्यात देखणा तुकडा. रस्ता शब्दशः पाण्याच्या कडेने. इथे मी गाडी तिसऱ्या गिअरच्या वर नेलीच नाही. मग हरिहरेश्वर, बागमांडला, वेश्वी. फेरीतून बाणकोटच्या खाडीतले अर्धवट पुलाचे खांब दिसतात, ते बघत चहा प्यायचा.

एक सूचना, मॅप लावताना नीट बघा. वेळास दोन आहेत, एक दिघीजवळचं आणि एक बाणकोटजवळचं, कासवांचं वेळास ते बाणकोटजवळचं. मुरुडही दोन आहेत, एक जंजिऱ्याचं आणि एक दापोलीकडचं, महर्षी कर्व्यांचं. फेरीत एक जोडपं भेटलं, त्यांचं बुकिंग कर्व्यांच्या मुरुडात आणि मॅप जंजिऱ्याचा लावलेला.

पुढचं प्रतिसादात टाकतो, हात दुखायला लागला.

तिरफळ

वा वा, येऊ द्या. फोटो कुठेत? आणि जेवणाचं काहीच लिहिलं नाही हा गुन्हा आहे.

निळी_स्कूटी

मस्त लिहिताय. मला एक विचारायचंय आणि खरं उत्तर द्या. एकट्या माणसाला रूम देतात का? मी मागे अलिबागच्या पुढे एका लॉजवर गेले होते, स्कूटी घेऊन, एकटी. काउंटरवरचे काका आधी म्हणाले रूम आहे, मग मागे कुणी येतंय का बघितलं, मग म्हणाले सगळं फुल्ल. संध्याकाळचे सात वाजलेले. पुढे एका आजींच्या घरी जागा मिळाली आणि त्यांनी मुगाची खिचडी घातली म्हणून ठीक, पण तेव्हापासून एकटीने लांब जायचं म्हटलं की पहिला विचार रस्त्याचा नाही, रूमचा येतो.

चक्रम_चालक

@निळी_स्कूटी, ताई, खरं सांगायचं तर पुरुषालाही देत नाहीत. मला एका ठिकाणी सरळ सांगितलं की सिंगलला देत नाही, मालकांचा नियम आहे. कारण विचारलं तर म्हणे एकटा माणूस येतो आणि नको ते करून घेतो मग पोलिसांचं लफडं आमच्या मागे. त्यांच्या बाजूने बघितलं तर भीती खोटी नाही पण सात वाजता दारातून परत पाठवणं हा काय उपाय झाला. माझा अनुभव असा की लॉजपेक्षा गावातली घरगुती सोय बघायची, दुपारीच फोन करायचा, एकटा आहे बाईकवर आहे अमुक वाजेपर्यंत पोचतो असं स्पष्ट बोलायचं. फोनवर हो म्हटलेल्यांनी दारात नाही म्हटलं नाही कधी. बाईमाणसाचं मी सांगू शकत नाही, इथल्या बायकांनी सांगावं.

कुंदा_मावशी

मी सांगते. आमची गुहागरात दोन खोल्यांची सोय आहे, जाहिरात करत नाहीये, नावही सांगत नाही. एकटी मुलगी आली तर आम्हाला उलट बरं वाटतं, दारू नाही, आरडाओरडा नाही, सकाळी लवकर उठून निघून जातात. अडचण आमची अशी असते की एकाच माणसासाठी स्वयंपाक वेगळा करायचा, म्हणून जेवण सांगायचं असेल तर आधी सांगा. आणि आधारकार्ड मागितलं की काही मुलं तोंड वाकडं करतात, ते करू नका, ते आम्हाला द्यावंच लागतं.

निळी_स्कूटी

मावशी, धन्यवाद! गुहागरात आले की शोधून काढते तुम्हाला.

खाडीपलीकडचा

धागा चांगला आहे, वाचतोय. पण ते अर्धवट खांब बघत चहा प्यायचा हे वाचून जरा खटकलं. मी दाभोळच्या खाडीच्या दक्षिणेचा. २००३ ला फेरी सुरू झाली त्याच्या आधी माणसं होडीने-लाँचने जायची, पण गाडी न्यायची असेल तर चिपळूणवरून वळसा, शंभराच्या वर किलोमीटर, समोरचं दाभोळ डोळ्याला दिसत असताना. फेरीने आमचं आयुष्य बदललं हे कबूल. पण रात्री शेवटची फेरी गेली की परत तोच वळसा. पावसाळ्यात वारा वाढला की फेरी बंद. रात्री कुणाच्या छातीत दुखायला लागलं तर जेट्टीवर बसून सूर्यास्त बघता येत नाही. तुमच्यासारखे बरेच जण लिहितात की पूल झाले की मजा जाईल. जाऊ दे ना मजा.

चक्रम_चालक

@खाडीपलीकडचा, दादा मी पूल नकोत असं कुठे म्हटलंय. पूल व्हायलाच पाहिजेत, आणि इतकी वर्षं खांब उभे राहून वर रस्ता नाही ही लाज आहे, त्यावर चहा प्यायलो कारण दुसरं काय करणार होतो. पण मला फेरी आवडली हेही खरं आहे, ते कशाला लपवू. फेरीत गाडी लावली की तुम्ही कुठलेही असा, शेजारी मासळीची टोपली घेतलेली बाई, शाळेची पोरं, लग्नाचं वऱ्हाड, एखादा टेम्पो, सगळे दहा-पंधरा मिनिटं एका पत्र्यावर. एकट्याने फिरताना दिवसभरातलं बोलणं तेवढंच होतं. धोपाव्याच्या बाजूला एका म्हाताऱ्याने मला एन्रॉनच्या वीज प्रकल्पाची अख्खी गोष्ट सांगितली, कुणाची जमीन गेली कुणाला नोकरी लागली, चिमण्या दाखवत. ती पुलावरून साठच्या स्पीडने गेलो असतो तर कुणी सांगितली नसती.

खाडीपलीकडचा

हे मान्य. तो म्हातारा कोण तेही साधारण कळलं :)

सुपारीबाग

दिवेआगर-श्रीवर्धन तुकड्याबद्दल थोडी भर. आता जे दिसतं ते निम्मं आहे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्याच डोक्यावरून जमिनीवर आलं. त्याआधी बाहेरगावचे लोक म्हणायचे तुमच्याकडे दुपारी पण दिवा लावावा लागतो, इतकी गर्द वाडी होती, खाली सुपारी वर नारळ. सकाळी वारं सुरू झालं आणि संध्याकाळी वाडीतून उभं राहून आकाश दिसत होतं, आम्ही ते कधी बघितलेलंच नव्हतं. श्रीवर्धनी रोठा सुपारी सगळीकडे नावाजलेली, पण सुपारीचं झाड लावलं की उत्पन्नाला यायला पाचसात वर्षं तरी जातात, नारळाला त्याहून जास्त. तेव्हा रस्त्यावरून समुद्र छान उघडा दिसतो असं जे लोक लिहितात तो बऱ्याच ठिकाणी वादळाने उघडा केलाय.

आणि दिवेआगरला सुवर्णगणेश बघाच. १९९७ ला एका बागेत जमिनीखाली पेटीत सापडला, २०१२ ला दरोडा पडून गेला, दोन माणसांचा जीव गेला त्यात, आणि २०२१ ला परत बसवला.

तिरफळ

सुपारीबाग, वाचून गलबललं. तेव्हा बातम्यांत दोन दिवस होतं आणि मग कुणी विचारलंच नाही.

पेट्रोलपाणी

गाडीचं कुणी बोलत नाहीये म्हणून मी बोलतो. खाऱ्या हवेत चेन फार लवकर कोरडी पडते आणि गंज धरते, रोज संध्याकाळी गाडी लावली की पुसून थोडं ल्यूब मारा, पाच मिनिटांचं काम आहे. वाळूत गाडी घालू नका, पुळणीवर रील काढायला नेतात आणि मग भरतीत बसलेली गाडी ट्रॅक्टरने ओढायला लागते, दर सीझनला होतं. समुद्राचं पाणी लागलंच तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा. ट्यूबलेस असेल तर पंक्चर किट आणि छोटा पंप जवळ हवाच कारण सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, मैलोनमैल कुणी नसतं. पेट्रोल निम्मं झालं की दिसेल त्या पंपावर भरा, किनाऱ्याच्या गावांत पंप कमी, तालुक्याच्या गावात किंवा हायवेला यावं लागतं. आणि जांभ्याच्या उतारावर लाल माती पसरलेली असते तिथे पुढचा ब्रेक एकदम दाबू नका, गेलात.

चक्रम_चालक

@पेट्रोलपाणी, सगळं बरोबर, विशेषतः शेवटचं. माझं पंक्चर आडिवऱ्याच्या अलीकडे सड्यावर झालं, भर दुपारी, सावलीला एक झाड नाही. किट होतं म्हणून निभावलं. काढत असताना दोन पोरं सायकलवर आली आणि शेवटपर्यंत एक शब्द न बोलता बघत उभी राहिली, मग पंप मारायची पाळी आली तेव्हा आळीपाळीने त्यांनीच मारला.

बरं, पुढचा भाग. @तिरफळ, जेवण पण घालतोय.

बाणकोट, वेळास. कासव महोत्सव फेब्रुवारी ते एप्रिल, मी जरा आधी पोचलो, पण नाना फडणवीसांच्या गावात एक रात्र राहिलो, चुकवू नका. पुढे भारजा नदी आडवी येते, तिला वळसा घालून केळशी. केळशीत वाळूची जुनी मोठी टेकडी आहे आणि महालक्ष्मीचं देऊळ. आंजर्ल्याला कड्यावरचा गणपती, तिथून खाली बघितलं की खाडी, पूल, हर्णै, सुवर्णदुर्ग सगळं एकदम. हर्णैला संध्याकाळी मासळीचा लिलाव चालतो, बोटीतून बैलगाडीत, बैलगाडीतून वाळूत ढीग, आणि इतक्या झपाट्याने बोली लागते की आपल्याला कळतच नाही कुणी घेतलं. तिथे कॅमेरा घेऊन मधे मधे करू नका, त्यांचा धंदा चालू असतो. मी एका बाईंकडून पापलेट घेऊन राहत होतो त्या घरी दिलं, त्यांनी तिरफळ घालून... नाही, तिरफळ बांगड्याला घातली, पापलेट नुसतं तळलं. खूश?

दाभोळहून धोपावे, गुहागर, मग हेदवीचा दशभुज गणेश आणि बामणघळ. बामणघळीला भरतीच्या वेळी जा, खडकाच्या चिरेतून पाणी उसळतं, पण कडेला जाऊ नका, ओला खडक आहे. तवसाळची फेरी घेऊन जयगड, तिथून मालगुंड, केशवसुतांचं घर. गणपतीपुळ्याला दर्शन घेऊन लगेच निघालो, गर्दी.

आणि आरे-वारे. सगळ्यांना माहितीये, सगळे लिहितात, तरी लिहितो. वरून वळण घेतलं की एकदम खाली दोन्ही किनारे, मधे डोंगराचं नाक, आणि रस्ता सरळ समुद्रात उतरतोय असं वाटतं. सकाळी साडेसातला मी आणि एक दूधवाला, बस. मी तिथे इंजिन बंद करून किती वेळ बसलो माहीत नाही. दूधवाला परत येताना पण मी तिथेच होतो, तो म्हणाला गाडी बंद पडली काय? पाण्यात मात्र उतरू नका तिथे, ओढ आहे, दरवर्षी बातम्या येतात.

रत्नागिरीच्या पुढे गर्दी जवळजवळ संपते आणि माझ्या मते खरा सागरी मार्ग इथून सुरू होतो. पावस, पूर्णगड, गावखडीचं सुरूचं बन, कशेळीचा कनकादित्य. कशेळीच्या सड्यावर कातळात कोरलेला हत्ती आहे, साधारण अठरा मीटर लांब, त्याच्या पोटात इतर प्राणी कोरलेत. एवढा मोठा आहे की जमिनीवर उभं राहून हत्ती दिसतच नाही, नुसत्या रेघा. ही कातळशिल्पं २०२२ ला युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. पायातले बूट काढून बाजूने चाला, वरून नको.

मग नाटे, जैतापूर, वाघोटनकडून विजयदुर्ग. विजयदुर्गात साहेबाचे ओटे बघितले जिथून १८६८ च्या ग्रहणात हेलियमचा शोध लागला.

अवकाशवेडा

बाकी सुंदर पण शेवटच्या वाक्याला आक्षेप आहे. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास ग्रहण विजयदुर्गवरून दिसलं हे खरं. पण हेलियमचा शोध ज्या इंग्रज शास्त्रज्ञ लॉकियरच्या नावावर सांगतात तो त्या दिवशी भारतातच नव्हता. ग्रहणात जान्सेन हा फ्रेंच शास्त्रज्ञ गुंटूरला होता. लॉकियरने सूर्याच्या वर्णपटातली हेलियमची ती पिवळी रेषा ऑक्टोबरमध्ये इंग्लंडात बसून, ग्रहण नसताना बघितली आणि नंतर ती नव्या मूलद्रव्याची असावी असं मांडलं. पाटी लावली म्हणून ते खरं होत नाही.

विजयदुर्गाचो_पोर

तुमचा खरा आसात, पण आमी १८ ऑगस्टाक हेलियम दिन साजरो करतो तो करतलवच. ग्रहण तर दिसला ना हयसून? मगे झाला.

अवकाशवेडा

करा की, मी पण येतो. फक्त पाटीवर गुंटूरचं नाव घाला म्हणतो :)

चक्रम_चालक

हे मला माहीत नव्हतं, बरं झालं सांगितलंत. तिथे माहिती सांगणाऱ्याने इतक्या ठामपणे सांगितलं की शंका घ्यायला जागाच ठेवली नाही.

पुढचं थोडक्यात. देवगड, तिथून तारामुंबरी-मिठमुंबरीच्या पुलावरून कुणकेश्वर, हा पूल झाल्यापासून वळसा वाचतो. मग मिठबाव, आचरा, तोंडवळी, मालवण. देवबागला गेलात तर कर्लीच्या संगमापर्यंत जाऊन परतच यावं लागतं, पलीकडे भोगवे डोळ्यासमोर दिसतं आणि बाईकला रस्ता नाही. मागे येऊन कर्ली ओलांडून चिपी-परुळे, निवती, वेंगुर्ला. आरवलीला वेतोबाला केळ्यांचे घड आणि हातभर लांब चपला वाहतात, त्या टांगलेल्या बघून मी जरा वेळ गप्पच झालो. शिरोड्याला मिठागरं, १९३० चा सत्याग्रह, खांडेकरांची शाळा. मग रेडीचा गणपती आणि तेरेखोल.

विजयदुर्गाचो_पोर

मालवणात इलास आणि धामापूरचो तलाव बघूक नाय? मगे काय बघलास!

चक्रम_चालक

पुढच्या वेळी, पक्का. तो आत पडतो, मी हट्टाने पाण्याच्या कडेने जात होतो.

निळी_स्कूटी

मला आता राहवत नाहीये. फेब्रुवारीत चार-पाच दिवस मिळतायत, ११० सीसीची स्कूटी. सगळं नाही झेपणार. कुठला तुकडा घेऊ?

पेट्रोलपाणी

रत्नागिरी ते वेंगुर्ला घ्या. स्कूटी रेल्वेने पार्सल करून रत्नागिरीला उतरवता येते, पेट्रोल काढून टाकायला लावतात हे लक्षात ठेवा आणि आरसीची झेरॉक्स जवळ ठेवा.

कुंदा_मावशी

म्हणजे गुहागर गाळलं का रे बाबा!

निळी_स्कूटी

नाही मावशी, मग चिपळूणला उतरून गुहागर आणि तवसाळ-जयगडची फेरी करून खाली जाते. तेरेखोलची फेरी मात्र मला करायचीच आहे, गोव्यात बोटीने शिरायचंय. ती रोज असते ना?

विजयदुर्गाचो_पोर

असता, पण ओहोटीक वाळूत अडाकता म्हणान कधी कधी थांबवन ठेवतत. सकाळी भरतीचो टायम बघून जावा. नायच गावली तर परत येवन आरोंद्याक जावा, थयसून किरणपाणीचो पूल आसा, सरळ पेडण्यात.

चक्रम_चालक

आणि तेरेखोलचा किल्ला नदीच्या अलीकडे असला तरी गोव्याचाच आहे, त्यामुळे फेरी मिळाली नाही तरी तुम्ही गोव्यात पोचलेल्याच असता.

निळी_स्कूटी

हे भारी आहे! मावशी, तुम्हाला खाजगी निरोप टाकलाय, बघा. जेवण सांगितलंय, आधीच :)